कुस्ती, कराटे आणि नवरदेवाचा कान

साखरपुड्यात भांडणं होतात ती मानपानावरून होतात, जेवणावरून होतात, फार तर फोटोत कोण पुढे आणि कोण मागे यावरून होतात. मखमलाबादच्या सार्थकने मात्र बहिणीच्या साखरपुड्यात जे भांडण केलं, ते कराटे भारी की कुस्ती भारी यावरून. ही काही असल्या वादाची जागा नव्हे, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण समोर पुंजाराम वस्ताद बसले होते, आणि सुरुवात त्यांनी केली होती.

पुंजाराम वस्ताद म्हणजे नवऱ्या मुलाचे चुलते. एकलहऱ्याला त्यांची स्वतःची तालीम. नवरा मुलगा राज तिथल्याच वीज केंद्रात कामाला होता, पण गावात त्याची ओळख पैलवान म्हणूनच. वडील लवकर गेले, तेव्हापासून काकांनीच त्याला वाढवलं, दूध पाजलं, मातीत लोळवलं. त्यामुळे एवढा आडदांड राज जगात कुणाला भीत नसला, तरी काकांसमोर ‘हो’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांवरच त्याचं सगळं भागायचं.

सार्थक कराटेवाला. घरची गुलाबाची आणि ढोबळी मिरचीची शेती, आणि पॉलीहाऊसला लागून असलेल्या शेडमध्ये संध्याकाळी त्याचा कराटेचा क्लास. त्या क्लासात त्याच्याइतकीच, खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जरा जास्तच, चालायची ती त्याची धाकटी बहीण मनीषा. ब्लॅक बेल्ट. मळ्यातल्या मुलींना तीच शिकवायची. लग्न ठरलं तेव्हा राजने तिला हळूच सांगितलं होतं की आमची तालीम दुपारी रिकामीच असते, तू तिथे मुलींचा क्लास सुरू कर. एवढं सांगून तो बिचारा मोकळा झाला. काकांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

ते काकांना ऐन साखरपुड्यात, पेढे वाटताना कळलं.

“कराटं?” वस्तादांनी पेढा परत ताटात ठेवला. “आमच्या तालमीत? पाव्हणं, कराटं म्हंजे वाऱ्याशी मारामारी. एवढ्या बुक्क्या हाणता, वारा कधी चीत झालेला पाह्यला का?”

झालं. सार्थक पेटला.

“आप्पा, तुमच्या कुस्तीला तर तांबडी माती लागते, लंगोट लागतो, वर समोरच्याची तयारी लागते. सीबीएस स्टँडवर कुणी अंगावर आला, तर काय सांगणार त्याला? थांब जरा, माती घेऊन येतो?”

“एकदा कवळ्यात गावला ना, की माती मीच चारीन त्याला. तुमचं काय? आधी वाकून नमस्कार. मग दोन पावलं मागं. मग बोंबलायचं. तवर तो माणूस रिक्षा करून घरी जातो!”

पाहुणे खदखदून हसले. सार्थकच्या शेजारी त्याचा मित्र दिनेश बसला होता. दिनेश मूळचा सुरगाण्याचा, पेठ रोडला राहायचा आणि एका शाळेत तायक्वांदो शिकवायचा. मित्र अडचणीत दिसल्यावर गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि तेच त्याचं चुकायचं.

“वस्ताद, तायक्वांदोत आम्ही पाय वापरतो,” तो म्हणाला. “पाय हातापेक्षा लांब असतो. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर…”

“पाय उचलला की माणूस एका पायावर उभा राह्यतो,” वस्ताद म्हणाले. “एका पायावरचा माणूस पाडाया वस्ताद कशाला पायजे? शेळी बी पुरते.”

दिनेशने पेढा तोंडात टाकला आणि विषयातून अंग काढून घेतलं. पण एव्हाना सगळ्या हॉलला वादाची गोडी लागली होती. मागून कुणीतरी ज्युदोचं काय म्हणून विचारलं. वस्ताद म्हणाले, त्याला समोरच्याच्या अंगात कोट लागतो, एप्रिलमध्ये बनियनवर फिरणाऱ्या माणसाचं ज्युदो काय वाकडं करणार? सार्थक म्हणाला, बनियनवरच्या माणसाचं राहू द्या, अंगाला तेल चोपडलेल्या माणसाचं कुस्ती तरी काय करणार? बॉक्सिंगला कंबरेखालचं जगच दिसत नाही, यावर दोघांचं एकमत झालं. लाठीकाठी चांगली, पण काठी घरी विसरली तर पुढे काय, यावरही झालं. क्षणभर वाटलं की अशा बाकीच्यांच्या खोड्या काढत काढत ही दोन माणसं एकमेकांचे मित्र होतील.

तेवढ्यात वस्ताद म्हणाले, “ते काय बी असो. एका घरात दोन वस्ताद नाय नांदत. सूनबाईनं कराटं माहेरी ठिवून यायचं.”

मनीषा समोरच बसली होती. तिच्या तोंडात पेढा होता. तिने तो चावायचा थांबवला, राजकडे बघितलं, आणि राजने आपल्या बुटांकडे बघितलं. सार्थकने ते पाहिलं. ही पोरगी शेडमध्ये सतरंजी घालून पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्या कमरेला पांढरा पट्टा त्यानेच बांधला होता. आता तो सोडायला सांगणारा हा कोण?

“आप्पा,” तो उठून उभा राहिला, “कराटे वाऱ्याला मारतं की माणसाला, हे एकदाच बघून घ्या.”

“दावा की! कुटं दावता?”

आता शहाणा माणूस इथे खाली बसला असता. सार्थक म्हणाला, “लग्नात. कानपिळीला.”

कानपिळी हा खरा गमतीचा विधी. नवरीच्या भावाने भर लग्नात नवरदेवाचा कान धरायचा, हलकेच पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दटावायचं, आणि बदल्यात नवीन कपडे घेऊन खाली उतरायचं. त्यात आजवर कुणी जिंकलेलं किंवा हरलेलं नाही. पण वस्तादांचे डोळे चमकले. त्यांनी सगळ्यांसमोर मांडीवर थाप मारली.

“ठरलं! माझ्या पुतण्याच्या तोंडातून नुसता आवाज जरी काढला, तर दुपारची तालीम सूनबाईची. पोरी आणा, पोरं आणा, वाऱ्याला हाणा, मी चकार शब्द काढणार नाय. अन् नाय निघाला, तर पांढरा ड्रेस माहेरीच.”

“मंजूर,” सार्थक म्हणाला.

गाडीत बसल्यावर मनीषा त्याला म्हणाली, “दादा, माझं सगळं कराटे तू एका कानावर लावलंस?”

“तू काळजी करू नकोस.”

“मी वस्तादांशी नीट बोलले असते. राजच्या काकूंना मध्ये घातलं असतं. चार महिने लागले असते, पण झालं असतं.” एवढं बोलून तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. चापट साधीच होती. घरी पोचेपर्यंत सार्थकला गाडीचे गिअर डाव्या हाताने टाकता येईनात.

दुसऱ्या दिवसापासून तो तयारीला लागला. माणूस कष्टाळू होता, त्याबद्दल वादच नाही. कुठल्या विद्येत कान पिळायची सोय आहे, याचा त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून कसून अभ्यास केला. कराटेत कानाला स्वतंत्र असं स्थान नव्हतं. ज्युदोत सगळी पकड कॉलरची, आणि कानाला कॉलर नसते. आयकिडोत मनगट पिळतात, ते थोडं जवळचं वाटलं. कुंग फूमध्ये वाघाचा पंजा होता, गरुडाची चोच होती, माकडाचा हात होता. माकड आणि कान हे जमण्यासारखं होतं, पण व्हिडिओतला तो माणूस शेवटी कोलांटी उडी मारत होता, आणि मंडपात होम पेटलेला असणार.

हे सगळं करून बघायला कान हवा होता. तो दिनेशने दिला. मैत्री म्हणजे काय ते अशा वेळी कळतं. दिनेश शेडमध्ये पाटावर मांडी घालून बसायचा, सार्थक त्याच्यावर एकेक विद्या चालवायचा आणि कशाने जास्त दुखलं ते विचारायचा. पण अडचण अशी झाली की दिनेश सगळ्याच प्रकारांना सारखाच ओरडायचा. कधी कधी तर हात लागायच्या आधीच. त्यामुळे तुलना काही करता येईना.

“अरे, नीट सांग ना. आयकिडो जास्त की वाघाचा पंजा?”

“दोन्ही,” दिनेश म्हणायचा. “माझा कान गरम झालाय. आज पुरे कर.”

पुढे दिनेशचा फोन लागेनासा झाला. मग सार्थक ढोबळ्या मिरच्यांकडे वळला. चालता चालता दोन बोटांत धरायची, कंबर फिरवायची, मनगट वळवायचं, की देठ खटकन हातात. असा सराव त्याने झाडांवर केला, क्रेटवर केला. एका पहाटे मार्केटला जायला काढलेल्या मालातल्या एकाही मिरचीला देठ नव्हता. वडिलांनी विचारलं, ही कुठली कीड? आईने सार्थककडे बोट दाखवलं.

आता इतकी तयारी केलेल्या माणसाने एक गोष्ट करायला हवी होती. ज्या कानाशी गाठ आहे, तो कान एकदा बघून यायला हवं होतं. पण स्थळ बघायला मंडळी आली तेव्हा सार्थक मार्केटला गेला होता, आणि साखरपुड्यात राजच्या डोक्यावर कानांवर ओढलेला फेटा होता. बस्त्याला सगळी मंडळी मेनरोडला भेटली, तेव्हा अशी थंडी पडली होती की राज कानटोपी घालूनच साड्यांना ‘हो’ आणि ‘बरं’ म्हणत होता. सार्थकने त्याचे खांदे न्याहाळले, मान न्याहाळली, उंचीचा अंदाज घेतला. कान काय, सगळ्यांना असतातच, असं तो धरून चालला. समोरचा पैलवान आहे हे माहीत असून कराटेवाल्याने ही चूक करावी, म्हणजे कमालच झाली.

लग्न एका मोठ्या लॉन्सवर होतं. अक्षता पडल्या, हार झाले, विधी सुरू झाले. वस्ताद पांढराशुभ्र नेहरू शर्ट घालून अगदी पुढच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या मागे तालमीतले पैलवान ओळीने उभे होते. त्यांना उभंच राहावं लागत होतं, कारण प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. सार्थकच्या बाजूला दिनेश होता. मनाने मोठा माणूस, सगळं विसरून आला होता. फक्त कानाला मफलर गुंडाळला होता.

“मुलीच्या भावाला बोलवा,” गुरुजी म्हणाले. “कानपिळी आहे. लवकर आटपा, पुढचं बरंच राहिलंय.”

सार्थक पुढे झाला. सवयीने त्याने आधी वाकून नमस्कार केला. तालमीतली पोरं फिसकन हसली. मग त्याने दोन पावलं मागे घेतली, श्वास आत ओढला, पुढे येऊन राजचा फेटा वर सरकवला, आणि थबकला.

तिथे कान नव्हता. म्हणजे होता, पण कान म्हणतात तसला काही नव्हता. लहानपणापासून मातीत रगडून, डोक्याला डोकं घासून तो असा सुजून, मुडपून, दगडासारखा घट्ट बसला होता की आल्याचा मोठा गड्डाच कुणीतरी तिथे चिकटवल्यासारखा दिसत होता. धरायला पाळ नाही. बोट घालायला वळण नाही. सार्थकने चटकन दुसऱ्या बाजूला वाकून बघितलं. तिकडेही तेच.

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “बघता काय पाव्हणं? हाणा की कराटं!”

सार्थकने चिमूट लावली, ती घसरली. पुन्हा लावली, अंगठा मागून दाबला, कंबर फिरवली, मनगट वळवलं. देठ काही तुटला नाही. पोटातून जोर काढून त्याने कराटेतली आरोळी ठोकली, “एऽऽऽय!” त्याबरोबर बँडवाल्यांनी दचकून वाजवायला सुरुवात केली, त्यांना हाताने गप्प करावं लागलं. आयकिडो झाला. वाघाचा पंजा झाला. गरुडाची चोच दोनदा झाली. सार्थकच्या कपाळावर घाम आला आणि त्याचा अंगठाच करकरला.

“कंबर! कंबर फिरव!” दिनेश मफलरच्या आतून ओरडत होता.

राज शांतपणे समोर बघत बसला होता. थोड्या वेळाने तो अदबीने म्हणाला, “सार्थकभाऊ, सुरू केलं की सांगा.”

त्याने हे खरोखर चांगुलपणानेच म्हटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. अख्खा मंडप हसून लोटपोट झाला. वस्ताद उठून मागे वळले आणि तालमीतल्या पोरांना दाखवून दाखवून सांगू लागले, “याला म्हंत्यात माती! बघून घ्या रे, याला म्हंत्यात माती!” गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं.

सार्थकने बहिणीकडे बघितलं. मनीषा मुंडावळ्यांच्या आड खाली मान घालून बसली होती. हिरव्या चुड्याने भरलेले तिचे हात मांडीवर पडले होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने मान वर केली नाही, आणि सार्थकला इतकी लाज वाटली की तिथल्या तिथे जमिनीत जावं. आपण कराटेची इभ्रत राखायला निघालो आणि हिच्या हातातलं कराटेच घालवून बसलो. आता उरलं काय? उरलं ते विधीपुरतं. कानावर हात आहे, तर भाऊ म्हणून जे सांगायचं असतं ते सांगावं आणि खाली उतरावं.

तो राजच्या कानाशी वाकला.

“दाजी,” तो पुटपुटला, “हरलो मी. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला पाहिजे. ही रोज पहाटे उठून लाथा मारते. बुक्क्या मारते. आप्पा म्हणतात तसं, वाऱ्यालाच. वाऱ्याला मारून झालं की दिवसभर अगदी गुणाची असते. मागच्या पावसाळ्यात शेडमध्ये पाणी शिरलं आणि सराव बंद पडला. तेव्हा वाऱ्याच्या जागी मी होतो.”

राज ऐकत होता.

“भांडण नव्हतं हो. सगळं प्रेमानंच. भाजी वाढता वाढता कोपर. ‘दादा, सरक’ म्हणून बरगडीत. मी टीव्ही बघत होतो आणि तिला नुसतं आठवलं की गोल फिरून मारायची लाथ कशी असते. मला अजून डाव्या कुशीवर झोपता येत नाही. तिचं तिला कळत पण नाही, अंगात साठलेलं असतं ना. आमच्याकडे ते झेलायला मी होतो. आता तुमच्या घरात आप्पांचं वय झालं, काकूंचं झालं. म्हणजे राहिलात तुम्ही.”

 उद्यापासून सकाळी आपल्याला कुणी मारणार नाही, हे सार्थकच्या आत्ताच नीट ध्यानात आलं. राजच्या कानावरचा त्याचा हात तसाच राहिला, आणि डोळे भरून आले.

राजने मान हलवली नाही. फक्त डोळे तेवढे बाजूला वळवले. बसून बसून मनीषाचं अंग आखडलं होतं. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली, तळवे बाहेर काढून हात पुढे ताणले आणि सगळी बोटं एका दमात कडाकडा मोडली. चुडा खळखळला. मग नवऱ्याचं आपल्याकडे लक्ष आहे हे पाहून ती त्याच्याकडे बघून गोड हसली.

“आई गं!” राज ओरडला.

 मग पहिली टाळी वाजली ती नवऱ्याच्याच बाजूने. वस्तादांची बायको रंगूबाई कमरेला पदर खोचून पुढे आल्या. “निघाला! आवाज निघाला! समद्यांनी ऐकला. दुपारची तालीम सूनबाईची, अहो, तुमीच बोललावता!” दिनेशने मफलर काढून हवेत फिरवला. सार्थकला काही कळेचना. त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

वस्तादांचा चेहरा उतरला, पण शब्द म्हणजे शब्द. “दिली तालीम,” ते म्हणाले आणि तावातावाने पाटाजवळ येऊन पुतण्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी राजचा कान इकडून बघितला, तिकडून बघितला, दाबून बघितला. “एवढा घासून पक्का केलेला कान. लेका, खरंच दुखलं?”

राज पाटावर मनीषापासून वीतभर दूर सरकला.

“अजून नाही, काका,” तो म्हणाला.